शुक्राचा नारिंगी डोंगर

प्रश्न : आमचं भांडुप पश्चिमेला टेंभीपाड्याच्या बाजूला छोटं गणेशोत्सव मंडळ आहे. यंदा नेहमीच्या देखाव्याऐवजी 'शुक्रावरचे ज्वालामुखी' असे चित्रफलक लावायचं ठरलंय. यानांनी काढलेले तीन फोटो उतरवून घेतले. एकात डोंगर नारिंगी आणि सुळक्यासारखा उंच, दुसऱ्यात तोच भाग काळा-पांढरा आणि मध्ये काळे पट्टे, तिसऱ्यात नुसते चपटे दगड. फ्लेक्सवाला म्हणतो, नारिंगीच घ्या, लांबून उठून दिसेल. आमच्यातले एक काका म्हणतात, हे सगळं कॉम्प्युटरवर बनवलेलं आहे, शुक्राच्या जमिनीचा वरून फोटो निघूच शकत नाही. खरं कोणाचं? इतका पैसा ओतून मिळवलेले फोटो हे लोक फुकट का वाटतात? आणि परवानगी न घेता आम्ही वीस फुटी फ्लेक्स छापला तर चालेल का?
— एक कार्यकर्ता, भांडुप (प.)

उत्तर : काकांचं निम्मं बरोबर आहे. शुक्राभोवती गंधकाम्लाच्या ढगांचं जाड पांघरूण आहे आणि ते कधीच बाजूला होत नाही. वरून साधा कॅमेरा लावला तर ढगच दिसतात. तेव्हा तुमचा नारिंगी डोंगर हा कॅमेऱ्याने टिपलेला फोटो नाही, हे काकांनी अचूक ओळखलं. उरलेल्या निम्म्यात मात्र ते चुकले. तो डोंगर खरा आहे, त्याचं नाव मात मॉन्स, आणि कॉम्प्युटरने तो कल्पनेतून काढलेला नाही. तो मोजमापांतून उभा केला आहे. या दोन गोष्टींमधला फरक मंडपात येणाऱ्या माणसाला कळावा, यासाठी मी हे जरा लांबलचक उत्तर लिहितो आहे.

ती मोजमापं मॅगेलन या अमेरिकी यानाची. ते ४ मे १९८९ रोजी निघालं आणि ऑगस्ट १९९० मध्ये शुक्राभोवती फिरू लागलं. त्याच्याकडे रडार होतं. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात, जमिनीवर आपटतात आणि परत येतात. किती परत आल्या, किती वेळाने आल्या, यावरून चित्र तयार होतं. म्हणजे तुमच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात पांढरं दिसतं ते ऊन पडलेलं नाही आणि काळं दिसतं ती सावली नाही.

हे समजायला पावसाळ्यातल्या रात्री एलबीएस रोडवरून दुचाकीने गेल्याचं आठवा. ओला, गुळगुळीत डांबरी रस्ता हेडलाइटचा उजेड पुढे फेकून देतो, आपल्याकडे काहीच परत येत नाही, म्हणून रस्ता काळाकुट्ट दिसतो. जिथे डांबर उखडून खडी वर आलेली असते, तो तुकडा मात्र चमकतो, कारण खडबडीत पृष्ठभागावरून उजेड सगळ्या दिशांना उडतो आणि थोडा आपल्या डोळ्यांतही येतो. मॅगेलनच्या चित्रांत बरंचसं असंच घडतं. उजळ भाग म्हणजे मुख्यतः खडबडीत जमीन : मोडक्यातोडक्या लाव्ह्याचे लोट, भेगाळलेले कडे. काळपट भाग म्हणजे सपाट, गुळगुळीत थिजलेला लाव्हा. चढाची दिशा आणि खडकाचे गुणही त्यात मिसळतात, पण मंडपातल्या फलकासाठी एवढं पुरे.

आता ते काळे पट्टे. मॅगेलनला रडारसाठी आणि पृथ्वीशी बोलण्यासाठी मिळून एकच मोठी तबकडी होती, तीही व्हॉयेजर मोहिमेतून उरलेली. यान शुक्राच्या जवळून जाताना तबकडी खाली धरून जमीन वाचायचं, लांब गेलं की तबकडी पृथ्वीकडे वळवून वाचलेलं पाठवायचं. प्रत्येक फेरीत सुमारे २० किलोमीटर रुंदीचा आणि हजारो किलोमीटर लांबीचा एक पट्टा हाती लागे. मोहिमेतली मंडळी या पट्ट्यांना नूडल म्हणत. आपण शेवया म्हणू. अशा शेवया शेजारी शेजारी मांडून १९९४ पर्यंत शुक्राचा ९८ टक्के पृष्ठभाग भरून निघाला. जिथली शेवई हाती आली नाही तिथे काळी फट राहिली. म्हणजे तुम्हाला खोट वाटलेले ते पट्टे त्या चित्राच्या खरेपणाची खूण आहेत. फ्लेक्सवाला ते भरून देतो म्हणाला, तर ठाम नाही म्हणा.

नारिंगी रंग कुठून आला? त्याचं उत्तर तुमच्या तिसऱ्या फोटोत आहे, चपट्या दगडांच्या. तुमच्या वर्णनावरून ते चित्र सोव्हिएत व्हेनेरा यानांपैकी एकाचं, बहुधा व्हेनेरा १३ चं दिसतं. तसं असेल, तर काकांना सांगा, कॅमेऱ्याने टिपलेला अस्सल फोटो तो हाच. व्हेनेरा १३ हे यान १ मार्च १९८२ रोजी ढगांच्या खाली उतरलं, थेट जमिनीवर. तिथे तापमान ४५७ अंश सेल्सियस आणि हवेचा दाब आपल्या ८९ पट. यान ३२ मिनिटं टिकावं अशी आखणी होती, ते १२७ मिनिटं टिकलं, आणि त्या दोन तासांत त्याने रंगीत चित्रं पाठवली. मला माणसाने काढलेल्या सगळ्या फोटोंमध्ये हा फोटो फार मोलाचा वाटतो. शिसं वितळेल अशा भट्टीत उभं राहून एका यंत्राने आजूबाजूला पाहिलं, आणि त्याला दिसलेले दगड आपल्या सह्याद्रीतल्या एखाद्या सड्यावर असावेत तसे दिसले!

त्या फोटोतही रंगाची एक गोम आहे. शुक्राची दाट हवा निळा उजेड गाळून टाकते, जमिनीपर्यंत नारिंगी उजेडच पोचतो. रस्त्यावर पूर्वी पिवळे सोडियमचे दिवे होते, त्यांच्याखाली पांढरा शर्टही पिवळा दिसायचा, तसंच. तेच दगड उचलून भांडुपच्या उन्हात ठेवले, तर ते करडे दिसतील. मॅगेलनच्या मंडळींनी पुढे रडारच्या रंगहीन चित्रांना व्हेनेराच्या फोटोंवरून नारिंगी छटा दिली. त्यात फसवाफसवी नव्हती, चित्राखालच्या टिपेत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. टीप मात्र चित्राबरोबर प्रवास करत नाही. एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाताना ती पहिल्याच फेरीत गळते, आणि आपल्याकडे तर ती इंग्रजीत असल्यामुळे बरेचदा वाचलीच जात नाही.

रंगापेक्षा उंचीची गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि ती मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेत मी ग्रहांवर बोलायला गेलो होतो. मात मॉन्सचं हेच चित्र पडद्यावर दाखवलं आणि शुक्रावर असे उभे डोंगर आहेत असं मोठ्या उत्साहाने सांगितलं. सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, लाव्हा पातळ असतो असं तुम्हीच सांगितलंत. मग तो एवढा उभा डोंगर कसा बनवेल? खाली वाहून नाही का जाणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन चित्राची मूळ टीप शोधली, तर तिच्यात लिहिलेलं होतं : उभी मापं वाढवलेली आहेत. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या वर्गात गेलो आणि तिचं बरोबर होतं हे सगळ्यांसमोर सांगितलं. टीप न वाचता चित्र दाखवणं त्या दिवसापासून मी सोडलं.

मात मॉन्सच्या एका गाजलेल्या चित्रात उंची २२.५ पट वाढवली आहे, दुसऱ्या एका आवृत्तीत १० पट. शास्त्रज्ञांना बारीक चढउतार दिसावेत म्हणून हे करतात आणि त्यांच्या कामाला ते योग्यही आहे. पण चित्रं लोकांपर्यंत पोचली तेव्हा सगळ्यांच्या मनात टोकदार शिखरांचा शुक्र बसला. डेव्हिड मॉरिसन हे ग्रहशास्त्रज्ञ १९९२ मध्ये इतके वैतागले की 'सपाट शुक्र मंडळ' काढायला हवं, असं त्यांनी जाहीरपणे सुचवलं.

तुमच्या वीस फुटी फ्लेक्सवर हा हिशेब करून बघा. मात मॉन्स पायथ्याशी सुमारे ३९५ किलोमीटर पसरलेला आहे आणि आजूबाजूच्या मैदानापासून जवळपास ५ किलोमीटर उंच. डोंगराची पूर्ण रुंदी वीस फुटांत बसवली, तर खरी उंची भरते साधारण साडेसात सेंटीमीटर, म्हणजे चार बोटं. २२.५ पट वाढवली की तोच डोंगर पावणेसहा फुटांच्या आसपास जातो, उभ्या माणसाएवढा. माझी विनंती आहे की नारिंगी चित्र लावाच, पण त्याच्या खाली तेवढ्याच लांबीच्या पांढऱ्या पट्टीवर चार बोटं उंचीची खरी रेषा काढा. चिमूटभर उतार असलेला, ताटासारखा पसरलेला डोंगर. पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला की डोंगर असाच होतो. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका रेषेत आहे, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या मांडणीत लोक सर्वांत जास्त वेळ तिच्यासमोरच थांबतील.

आता फुकट वाटण्याबद्दल. अमेरिकेच्या कायद्यानुसार तिथल्या केंद्र सरकारने तयार केलेल्या साहित्यावर देशात सरकारचा कॉपीराइट नसतो. पैसा करदात्यांचा, म्हणून चित्रंही त्यांची, हा त्यामागचा विचार. पण मला दुसरं कारण जास्त मोठं वाटतं. चित्र कपाटात बंद राहिलं तर ते पाहणारे डोळे मोजकेच राहतात, आणि त्या मोजक्या डोळ्यांना सगळं दिसतंच असं नाही. मॅगेलनची चित्रं नव्वदच्या दशकातच सीडीवर घालून जगभर वाटली गेली. पुढे तीसेक वर्षांनी अलास्का विद्यापीठाचे रॉबर्ट हेरिक यांनी तीच जुनी चित्रं पुन्हा उघडली. मॅगेलन काही जागांवरून एकापेक्षा जास्त वेळा गेलं होतं. दोन फेऱ्यांमधली चित्रं शेजारी ठेवून हेरिक यांनी जवळपास २०० तास नुसतं डोळ्यांनी ताडून पाहिलं. मात मॉन्सच्या अंगावरचं एक ज्वालामुखीचं तोंड फेब्रुवारी १९९१ मध्ये साधारण गोल आणि सुमारे २.२ चौरस किलोमीटरचं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वेडंवाकडं होऊन सुमारे ४ चौरस किलोमीटरवर गेलेलं दिसलं. आपल्या लोणारच्या विवराचं क्षेत्रफळ अडीच चौरस किलोमीटरच्या थोडं वर आहे. (लोणार उल्केच्या आघाताने झालं, ज्वालामुखीने नव्हे, मी फक्त आकार डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो आहे.) म्हणजे लोणारपेक्षा लहान असलेलं तोंड आठ महिन्यांत लोणारपेक्षा बरंच मोठं झालं. स्कॉट हेन्सली यांच्यासोबतचा हेरिक यांचा हा शोध मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी इटलीतल्या संशोधकांना त्याच साठ्यात सिफ मॉन्स आणि निओबी मैदानावर लाव्ह्याचे नवे लोट सापडले. शुक्र आतून अजून जागा आहे, हे मॅगेलन नष्ट झाल्यावर जवळपास तीन दशकांनी कळलं, आणि ते कळलं याचं कारण चित्रं खुली होती आणि मूळ मापांसकट खुली होती.

लोकांच्या हाती नुसती सजवलेली चित्रं न देता मूळ माहिती देणं, हाच रस्ता आपल्या इस्रोनेही घेतला याचा मला फार आनंद आहे. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती पोचलं आणि पहिली चित्रं लगेच सगळ्यांना दाखवली गेली. त्यात पुढे आर्सिया मॉन्स या प्रचंड ज्वालामुखीचंही चित्र आलं. त्याच्या माथ्यावरचं विवरच शंभर किलोमीटरहून रुंद आहे. मग बरोबर दोन वर्षांनी, २४ सप्टेंबर २०१६ रोजी, पहिल्या वर्षाची मूळ माहिती बंगळुरूजवळच्या ब्यालालू इथल्या माहिती केंद्रातून सर्वांसाठी खुली झाली. यानाशी संपर्क २०२२ मध्ये तुटला, पण त्याने पाहिलेला मंगळ भांडुपमधल्या एखाद्या विद्यार्थ्याला आजही उघडून तपासता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,२३६ कोटी रुपयांच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. मार्च २०२८ मध्ये यान सोडायचं ठरलं आहे आणि त्याच्यावर रडार असेल. ती चित्रं येतील तेव्हा तुमच्या मंडळाच्या फलकांना पुढचा भाग जोडता येईल.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. नासाची चित्रं शैक्षणिक, सार्वजनिक कामासाठी छापायला वेगळी परवानगी लागत नाही. श्रेय लिहायचं, आणि नासाचा या मंडळाला पाठिंबा आहे असं भासेल अशा रीतीने त्यांचं बोधचिन्ह वापरायचं नाही. व्हेनेराच्या फोटोंच्या साफसूफ केलेल्या आवृत्त्या काही अभ्यासकांनी स्वतः मेहनत घेऊन केल्या आहेत. तुमच्याकडची आवृत्ती त्यांपैकी असेल तर त्यांचं नाव द्या, आणि विचारून घेतलंत तर उत्तम. इस्रो किंवा युरोपीय अवकाश संस्थेचं चित्र घेतलंत तर त्याच्यासोबत दिलेली अट वाचा. मोबाइलवर फिरत आलेली प्रत मात्र छापू नका. ती दाबून लहान झालेली असते, वीस फुटांवर तिचे चौकोन दिसतील, आणि ती कोणाची, कशी बनली याचा पत्ता नसतो. हल्ली तर शुक्रावरचे म्हणून पूर्णपणे रचलेले देखावेही फिरतात. नासाच्या ग्रहचित्रांच्या संग्रहात प्रत्येक चित्राला 'पीआयए' अक्षरं आणि पुढे पाच आकडे असा क्रमांक असतो. तो क्रमांक हाती लागला की मूळ मोठी प्रत आणि मूळ टीप दोन्ही मिळतात. क्रमांक फलकावरही छापा. काकांसारख्या चौकस माणसाला स्वतः खात्री करून घेता येईल.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती गणपतीत तुमच्याकडे येणाऱ्या बायका-मुलींना आवडेल असं वाटतं. शुक्रावरच्या जागांना जवळजवळ सगळीकडे स्त्रियांची आणि देवींची नावं देतात. तिथे उत्तरेला चारी बाजूंनी डोंगररांगांनी वेढलेलं लाव्ह्याचं एक विस्तीर्ण पठार आहे, मैदानांपेक्षा साडेतीन-चार किलोमीटर उंच. त्याचं नाव लक्ष्मी पठार, लक्ष्मी प्लॅनम. मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावं मिळतात, आणि त्यांतल्या एका विवराचं नाव आहे जोशी : आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी, १८६५ मध्ये कल्याणला जन्मलेल्या, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आणि वर्षभराच्या आत, वयाची बावीस वर्षं पूर्ण होण्याआधीच गेलेल्या. दुसरं एक विवर आहे मुंबईच्या कामा रुग्णालयात दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावाचं. त्या बेने इस्रायल समाजातल्या, आणि झिराड हे अलिबागजवळचं गाव.

आनंदीबाईंच्या विवराचा व्यास सुमारे ३४ किलोमीटर आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली तेही अंतर ३४ किलोमीटरच. या रेल्वेची कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपला आले असताना सुचली, असं सांगतात. तेव्हा फलकावर जोशी विवराचं माप किलोमीटरमध्ये लिहून थांबू नका. मध्य रेल्वेचा नकाशा काढा, सीएसएमटीपासून ठाण्यापर्यंत एक गोल ओढा आणि त्याच्या आत भांडुपवर ठिपका द्या. रोज त्या मार्गाने उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाला विवर किती मोठं आहे हे पायांनाच कळेल. आणि विवर असूनही ते लाव्ह्याच्या मांडणीत का, असं कोणी विचारलं तर सांगा : सगळ्या शुक्रावर आघातविवरं जेमतेम हजारभर आहेत. जुनी असतील ती बहुतेक लाव्ह्याखाली गाडली गेली. शिल्लक आहेत ती त्यानंतरची.

शेवटी एक सुचवतो. फ्लेक्ससमोर एक टेबल ठेवा आणि त्यावर परातभर खडी. राष्ट्रीय उद्यानातून दगड आणू नका, तिथून काही उचलायला मनाई आहे. जवळच्या कुठल्याही बांधकामावरची काळी खडी चालेल. व्हेनेरा १३ नंतर चारच दिवसांनी, ५ मार्च १९८२ रोजी, व्हेनेरा १४ शुक्रावर उतरलं आणि त्याने तिथल्या जमिनीचा नमुना आत घेऊन तपासला. तो थोलिआइटी बसाल्टशी जुळला. आपला दख्खनचा कातळ, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांनी बनलेला, प्रामुख्याने याच जातीचा आहे. मुंबईत बांधकामाला येणारी काळी खडी म्हणजे हाच बसाल्ट. परातीपुढे पाटी लावायला हा मजकूर घ्या, हवा तर बदला :

"वरचं चित्र रडारच्या मोजमापांवरून बनवलेलं आहे. रंग अंदाजाने दिला आहे. उंची वाढवलेली आहे, खरी उंची खालच्या रेषेत पाहा. काळे पट्टे म्हणजे जिथली माहिती मिळाली नाही त्या जागा. ही खडी मात्र हातात घेऊन बघा. शुक्रावर यानाने तपासलेला दगड याच घराण्यातला निघाला."